कोंडलेल्याला करमलं पाहिजे

मला मांजरं आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी मला पिल्लू आणून द्यायचं. मांजर जवळ आलं की मला शिंका येतात, आणि ते पायात घोटाळलं की तोंडात शिव्या येतात. तरीही भिंगारला मी ज्या घरात भाड्यानं राहिलो, तिथं मांजरांसाठी मी जे जे केलं ते लोक जावयासाठीसुद्धा करत नाहीत.

घरमालकीण म्हणजे पीटीच्या निवृत्त शिक्षिका. अख्खं भिंगार त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. ज्यांनी त्यांच्या हाताखाली कवायत केली ते म्हणायचेच, पण ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं तेही म्हणायचे. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "वेळापत्रकात बसलं नाही."

मी वरची खोली बघायला गेलो तेव्हा वाटलं, नोकरी विचारतील, गाव विचारतील, खाणंपिणं विचारतील. बाईंनी विचारलं, "दार कसं लावता?"

"म्हणजे?"

"लावून दाखवा."

मी बाहेर जाऊन दार लावलं. आतून आवाज आला, "फट राहिली. पुन्हा." पुन्हा लावलं. "आता आपटलं. पुन्हा." मी बियाण्यांच्या कंपनीत चांगल्या पदावर होतो, हाताखाली माणसं होती, आणि भर दुपारी परक्या बाईंच्या ओट्यावर दार लावायची परीक्षा देत होतो. शेवटी 'पास' असा शब्द ऐकू आला. मग नियम सांगितला, "तुमच्या हातून मांजर बाहेर गेलं, तर तुम्हीही बाहेर."

मला वाटलं बाईंचं डोकं फिरलंय. पुढं समोरच्या गिरणीवाल्यानं सांगितलं तेव्हा उलगडा झाला. आधी त्यांच्याकडे एक बोका होता, मोकळा हिंडायचा. घरापुढच्या रस्त्यावरून लष्कराचे ट्रक जातात, उसाचे ट्रॅक्टर जातात. बाईंनी त्याला रस्त्यावरून पदरात गोळा करून आणला होता, आणि मग बरेच दिवस त्यांच्या गळ्यात शिट्टी नव्हती. बाई स्वतः याबद्दल एवढंच बोलायच्या, "त्याला ट्रॅफिकचे नियम शिकवायचे राहिले."

नंतर आलेल्या दोन्ही मांजरांनी उंबरा कधी ओलांडला नाही. पण नुसतं कोंडून ठेवणं बाईंना जमणारं नव्हतं. "कोंडलंय आपण," त्या म्हणायच्या, "त्यांनी अर्ज केला नव्हता. कोंडलेल्याला करमलं पाहिजे, आणि ती जबाबदारी कोंडणाऱ्याची."

या दोघांची नावं सावधान आणि विश्राम. सावधान दिवसभर पोट वर करून लोळायचा आणि विश्राम पडद्यावरून पंख्याकडे बघत उडीचा अंदाज घ्यायचा. नावं उलटी पडली असं मी एकदा सुचवून बघितलं. बाई म्हणाल्या, "शाळेतसुद्धा कुणी ऐकायचं नाही. म्हणून आपण ऑर्डर द्यायची थांबवायची का?"

त्या घरात मांजराची वाटी नव्हती. दूध बशीत नाही, बोंबील ताटलीत नाही. सगळं लपवलेलं. जुन्या बुटात, खोक्यात, वर्तमानपत्राच्या बोळ्यात, कपाटाच्या माथ्यावर, रेडिओच्या मागं. जे काही खोलगट दिसेल त्यात बाईंचा हात आपोआप बोंबलाचा तुकडा टाकून पुढं जायचा. पाहुण्यानं उशी सरकवली आणि खालून काही निघालं की बाई शांतपणे म्हणायच्या, "राहू द्या तिथंच. तो विश्रामचा आहे." आयतं मिळालं की जीव आधी सुस्तावतो आणि मग उदास होतो, हा त्यांचा सिद्धांत. "माणसाचंही तेच. एकेक पेन्शनर बघा." स्वतः पेन्शनर आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पुढच्या खिडकीला लागून त्यांनी शाळेतलं एक जुनं बाक टाकलं होतं आणि बाहेर पेरूच्या झाडाला पक्ष्यांसाठी पाण्याचं मडकं टांगलं होतं. मांजरं बाकावर बसायची आणि पलीकडे साळुंक्या, बुलबुल, चिमण्या अंघोळीला यायच्या. याला बाई 'पिक्चर' म्हणायच्या. मी त्या झाडाच्या सावलीत स्कूटर लावायचो. आठवडाही झाला नसेल, तर निरोप आला, "तुमची स्कूटर पिक्चरमध्ये येते." तेव्हापासून माझी स्कूटर उन्हात.

दर अमावास्येला घरातलं सामान हलायचं. कॉट होती तिथं कपाट, कपाट होतं तिथं टेबल. मांजरांना नवा मुलूख मिळाला पाहिजे म्हणून. एकदा अमावास्येनंतर मी सवयीनं खुर्चीत बसायला गेलो आणि सरळ फरशीवर बसलो. बाई म्हणाल्या, "बघा, तुम्हीसुद्धा आता जागे झालात." शेजारच्या आजी भिंतीपलीकडून हे सगळं ऐकायच्या आणि म्हणायच्या, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." आजींचं काही चुकत नव्हतं, असं तेव्हा माझं मत होतं.

मला मात्र त्यांनी वेगळ्याच कामाला जुंपलं. कंपनीच्या कामानं मी राहुरी, शेवगाव, पाथर्डी हिंडायचो. परत आलो की उंबऱ्यातच प्रश्न, "काय आणलंत?" पहिल्यांदा मी भाबडेपणानं पेढे आणले. बाईंनी खोका रिकामा करून मांजरांना दिला आणि पेढे माझ्या हातात परत ठेवले. "वास आणायचा. त्यांना बाहेर जाता येत नाही, तर बाहेर आत आणायचं." मग मी उसाचं पाचट आणू लागलो, कांद्याची रिकामी गोणी, मूठभर कडबा, शेळीच्या गळ्यातलं तुटकं दावं. एसटीत लोक माझ्यापासून सरकून बसायचे. गोणी पसरली की दोन्ही मांजरं तिच्यात नाक खुपसून तासभर राहुरी वाचत बसायची, आणि मी शिंकत बसायचो.

संध्याकाळी खेळ. केरसुणीच्या काडीला कोंबड्याचं पीस बांधून बाई घरभर पळायच्या. साठी उलटलेली बाई साडी खोचून कॉटच्या मागं दबा धरून बसलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. क्रम ठरलेला, शिकार, जेवण, मग अंग चाटणं, मग झोप. आणि पीस शेवटी मांजराच्या पंजात जाऊ द्यायचंच. "हरलेल्या टीमला जेवण गोड लागत नाही." एका माजी विद्यार्थिनीनं मांजरांसाठी लाल ठिपका पाडणारी बॅटरी पाठवली. विश्राम त्या ठिपक्यामागं भिंतीवर आपटला, जमिनीवर आपटला, शेवटी आपल्याच पंजाकडे बघत बसला. बाईंनी बॅटरी जप्त केली. "ह्यात हाती काही लागत नाही. वेडं होईल लेकरू."

सगळं आटोपलं की त्या दोघांना विचारायच्या, "काय रे, करमलं का आज?" आणि मी जिन्यात असलो तर मलाही. सुरुवातीला मला याचा राग यायचा. मग कधीतरी मी "हो, करमलं" असं उत्तर द्यायला लागलो.

बाईंची एक भाची कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायची. तिला बघायला पुणतांब्याहून पाहुणे आले. मुलगा, त्याचा मामा आणि वडील. वडील पक्के माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर इस्त्रीची पांढरी टोपी. बाईंनी दोन दिवस आधीपासून घरातला बोंबलाचा तुकडा न् तुकडा शोधून काढला होता आणि मला नाकानं तपासायला लावलं होतं. कांदेपोहे झाले, चहा झाला. उकाडा होता म्हणून वडिलांनी टोपी काढून खिडकीतल्या बाकावर उताणी ठेवली. तेवढ्यात मांजरांची वेळ झाली. बाई बोलता बोलता उठल्या, आत गेल्या, बाहेर आल्या, जमिनीचा भावबीव विचारत बाकाजवळून गेल्या. त्यांचा हात मला दिसला, पण तोवर उशीर झाला होता.

पाहुणे निघाले. वडिलांनी टोपी घातली. कपाटावरून विश्रामनं त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं आणि उडी मारली ती थेट टोपीवर.

भाचीनं पदर तोंडात धरला. मामा "अरे अरे" करत पुढं झाला. बाईंचा हात शिट्टीकडे गेला आणि थांबला. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पाहुणे, हलू नका. त्याची शिकार पुरी होऊ द्या."

आणि तो माणूस हलला नाही. डोक्यावर मांजर, डोळे मिटलेले, हात जोडलेले. विश्रामनं टोपी खाली पाडली, तुकडा काढला आणि कॉटखाली गेला.

"बाई," वडील म्हणाले, "मी माळकरी मानूस हाय."

"तुम्हाला खायला सांगितलं नाही कुणी," बाई म्हणाल्या. बाईंना खरं तर माफी मागायची होती, पण घाबरल्या की त्यांचा आवाज ग्राउंडवरचा व्हायचा.

झालं, स्थळ गेलं, असं आम्ही धरून चाललो. ओट्यावर चपला घालताना वडील मागं वळले. "पोरगी पसंत हाय. ज्या घरात मांजराच्या पोटाची एवडी काळजी, तितली पोरगी आमाला उपाशी ठिवायची न्हाई. पर बाई, ह्या टोपीचं उट्टं मी काढनार." लग्नात बाईंनी व्याह्यांना मानाची नवी टोपी दिली. ती घेऊन ते मंडपात सगळ्यांदेखत म्हणाले, "ही मानाची. उट्टं राह्यलंय अजून."

मग एका अमावास्येला बाई पडल्या. कपाट एकट्याच सरकवत होत्या. मी वर होतो, नुसती एक हाक मारली असती तर आलो असतो, पण बाई कुणाला हाक मारणाऱ्यातल्या नव्हत्या. खुब्याचं हाड मोडलं. नगरला ऑपरेशन झालं आणि घरी पाठवताना डॉक्टरांनी भाचीला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की हाड जुळेल, पण आता रोज वॉकर धरून घरातल्या घरात चाललं पाहिजे. अंथरूण धरलं तर मग कायमचंच धरलं.

भाची पुणतांब्याहून येऊन राहिली. गुणी पोरगी. मावशीला काही कमी पडू दिलं नाही. चहा हातात, गोळी हातात, जेवण भरवायचं, पांघरूण सारखं करायचं. करमावं म्हणून उशीशी मोबाईल टेकवून सीरियल लावून द्यायची. आणि मांजरांच्या मागं पळायला वेळ नाही म्हणून तिनं दोन स्टीलच्या वाट्या आणल्या, सकाळ संध्याकाळ भरून ठेवायची. मावशीला वॉकर दाखवला की उत्तर ठरलेलं, "उद्या बघू."

बाईंच्या तोंडी 'उद्या' हा शब्द मी आधी कधी ऐकला नव्हता.

एक दिवस संध्याकाळी मी डोकावलो. मोबाईलवर दोन जावा भांडत होत्या आणि बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. सावधान त्यांच्या पायाशी भिंतीकडे तोंड करून पडला होता. आणि विश्राम, पंख्यावर उडी घ्यायची स्वप्नं बघणारा विश्राम, वाटीशेजारी फुगून बसला होता. वाटीतलं संपलेलंही नव्हतं. मी हातातली कांद्याची गोणी दारातच ठेवली. मला भयंकर राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून मी भाचीवर काढला.

"तू मावशीला वाटीत देतेस," मी म्हणालो.

ती दमलेली होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग काय करू दादा? उपाशी ठेवू?"

"लपव."

कॉलेजची वर्षं या घरात काढलेली पोरगी, तिला पुढं समजावून सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा तिनं कॉटशी न देता खिडकीतल्या बाकावर ठेवला. बाईंनी विचारलं, "चहा कुठाय?"

"आहे की, घरात."

बाईंच्या लगेच ध्यानात आलं. त्यांनी आम्हा दोघांकडे अशा नजरेनं बघितलं की माझी पाठ आपोआप ताठ झाली. मग त्या म्हणाल्या, "मला नको." चहा निवला. जेवण टेबलावर ठेवलं, तेही निवलं. दुपारी भाची रडायला लागली आणि ताट उचलून कॉटशी घेऊन गेली. बाई दोन घास जेवल्या आणि पुन्हा भिंतीकडे वळल्या. मी वर जाऊन खोलीत बसलो. माणूस हट्टानं आडवं राहिलं तर त्याला उभं कोण करणार, आणि बाईंच्या हट्टापुढं आपली काय डाळ शिजणार? मी तर फार घाबरलो होतो. त्या घरातून बाईंचा धावायचा आवाज कायमचा गेला तर मी तिथं कशाला राहायचं, हेही मनात येऊन गेलं.

आमचं चुकलं कुठं, हे मला दारात पडलेल्या त्या गोणीवरून सुचलं. चहाला वास कुठं होता? बाई कधीही मांजरापुढं नुसता तुकडा लपवायच्या नाहीत. आधी वास सोडायच्या, मांजराचं नाक हललं की मग गंमत. मी पुणतांब्याला फोन लावला आणि भाचीच्या सासऱ्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाईला पेरू लई आवडत्यात. वाडीला पिकल्यात. येतो उद्याच्याला."

आले. भलीमोठी पिशवी, आणि आतून पिकलेल्या पेरूंचा असा वास की गिरणीवाला दारात येऊन उभा राहिला. बाई डोळे मिटून पडल्या होत्या. सासरे पाय न वाजवता घरभर फिरले, मी आणि भाची बघत होतो. मग कॉटशेजारी खुर्ची ओढून बसले आणि पाऊसपाण्याचं बोलत राहिले. पेरूचं नाव नाही. थोड्या वेळानं घर वासानं भरून गेलं. बाईंच्या नाकपुड्या हलल्या. मी भाचीचा हात दाबला.

"पेरू आणलेत का?" बाई म्हणाल्या.

"आनलं हुतं."

"कुठायत?"

"हायेत की. घरातच हायेत."

बाईंनी डोळे उघडले. "व्याहीबुवा, मी मांजर आहे का?"

"न्हाई बा. मांजरं कवाच उठली. त्ये बगा."

खरंच उठली होती. एवढे दिवस कोणी काही लपवलं नव्हतं, आणि आता घरात नवा माणूस, नवी पिशवी, नवा वास. सावधान पिशवीत शिरला होता आणि विश्राम कपाटाखाली नाक घालून शेपूट हलवत होता. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग खाली ठेवलेल्या त्या स्टीलच्या वाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"वाटी कुणी आणली?"

भाचीनं वाटी पायानं कॉटखाली सारली.

"वॉकर द्या इकडं."

भाची धरायला धावली. सासऱ्यांनी तिला नजरेनं थांबवलं. बाई उठायला किती वेळ घेत होत्या ते मी सांगू शकत नाही, मी तिकडं बघतच नव्हतो, मी देवाला नको ती आश्वासनं देत होतो. उभ्या राहिल्या. दुखलं, तेव्हा "आई गं" म्हणाल्या आणि लगेच कुणी ऐकलं का म्हणून आजूबाजूला बघितलं. पहिला पेरू त्यांच्याच कॅनव्हासच्या बुटात निघाला. "बुटात? एवढी सोपी जागा? शाळेतली पोरंसुद्धा बुटात लपवत नाहीत." दुसरा रेडिओमागं. "हा बरा आहे." तिसरा उशाशीच उशीखाली होता, त्यावर त्या व्याह्यांना नापास म्हणाल्या. एकेक पेरू भाचीच्या ओटीत जात होता आणि बाई भिंतीला, टेबलाला, कपाटाला धरत पुढं सरकत होत्या.

शेवटचा खिडकीतल्या बाकावर होता. बाकावर इस्त्रीची पांढरी टोपी उताणी ठेवलेली आणि टोपीत पिवळाधमक पेरू. मानाची टोपी ती. बाई वॉकर धरून तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"फिटलं उट्टं," सासरे म्हणाले आणि पंच्यानं डोळे पुसले.

बाईंनी पेरू उचलला, पदराला पुसला, एक चावा घेतला आणि हळूच बाकावर टेकल्या. विश्राम उडी मारून त्यांच्या एका बाजूला बसला, सावधान कसाबसा चढून दुसऱ्या बाजूला. मला काहीतरी बोलावंसं वाटलं. मी म्हणालो, "बाई, करमलं का आज?"

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्या आजारी पडल्यापासून मी स्कूटर पुन्हा झाडाच्या सावलीत लावायला लागलो होतो.

"ती स्कूटर काढा आधी," बाई म्हणाल्या. "पिक्चरमध्ये येतेय."

मी बाहेर गेलो. दार लावलं, फट न ठेवता, न आपटता. स्कूटर ढकलत उन्हात नेली, मडक्यात पाणी भरलं आणि शिंकत, नाक पुसत बाजूला उभा राहिलो. थोड्या वेळानं एक साळुंकी आली. खिडकीत तीन तोंडं ओळीनं बसली होती, आणि माझ्याकडे त्यातल्या एकाचंही लक्ष नव्हतं.